सुरा पोटरीला नको, कटर छातीला हवा

वारणानगर, कोडोली, पारगाव, घुणकी या भागातल्या ज्या पोरापोरींनी स्कूबाचा कोर्स पूर्ण केलाय किंवा या हंगामात करायचं ठरवलंय, त्यांच्यासाठी हे लिहितोय. विषय छोटा आहे. पाण्याखाली दोरी, जाळं किंवा तंगूस कापायला जवळ काय ठेवावं आणि ते अंगावर कुठे लावावं, एवढाच. पण छोटा म्हणून तो बाजूला पडतो, आणि बाजारात जाऊन जे घेतलं जातं ते बहुतेक वेळा चुकीचं असतं.

फोंडा घाट उतरून मालवणला जाणं आपल्याकडच्या माणसाला नवं नाही. पूर्वी सिंधुदुर्ग किल्ला बघायचा, मासे खायचे आणि संध्याकाळी परतीला लागायचं. आता तारकर्लीला समुद्रात बुडी मारल्याशिवाय सहल पुरी होत नाही. त्यातले काही जण तेवढ्यावर थांबत नाहीत. तारकर्लीत एमटीडीसीची ‘इसदा’ ही स्कूबा प्रशिक्षण संस्था आहे, तिथे किंवा गोव्यात, अंदमानात रीतसर शिकतात आणि प्रमाणपत्र घेतात. मग स्वतःचं सामान जमवायची हौस येते. मास्क झाला, फिन्स झाले, की तिसरी खरेदी ठरलेली: वीतभर लांबीचा, टोकदार, दात असलेला सुरा आणि तो पोटरीला बांधायचे दोन रबरी पट्टे. फोटोत तो फार रुबाबदार दिसतो. पण पाण्याखाली खरी अडचण आली, तर नेमका तोच सुरा हाताला लागत नाही.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. तुम्ही पर्यटक म्हणून पहिल्यांदाच डाइव्ह करणार असाल, गाइड तुम्हाला धरून खाली नेणार असेल, तर तुम्ही काहीही धारदार नेऊ नका. नवख्या माणसाच्या हातातलं पातं त्याला स्वतःला आणि गाइडला दोघांनाही धोक्याचं. तुमचं काम एवढंच, की बोटीवर बसल्यावर विचारायचं: ‘दादा, तुमच्याकडे कटर आहे का? कुठे लावलाय?’ चांगला गाइड हसून छातीवरचा कटर दाखवतो. ‘काही लागत नाही हो’ असं उत्तर आलं, तर पैसे देण्याआधी दुसरी बोट बघा. एवढं विचारायचा हक्क प्रत्येक गिऱ्हाइकाला आहे.

सुरा पोटरीला बांधायची कल्पना आली कुठून? बरीचशी सिनेमातून. १९६५ च्या ‘थंडरबॉल’ या जेम्स बाँडपटात समुद्राच्या तळाशी दोन टोळ्यांची मोठी मारामारी आहे. भाले चालतात, सुरे चालतात, श्वासाच्या नळ्या कापल्या जातात. तेव्हापासून डायव्हर म्हटला की पायाला सुरा, हे चित्र डोक्यात पक्कं बसलं. पण मालवणच्या समुद्रात तुम्हाला कुणाशी लढायचं नाही. तिथला मासा तुमच्या वाटेला जात नाही. तिथे तुम्हाला अडवतं ते जाळं, आणि त्याहून जास्त म्हणजे जाळ्याचा सुटलेला तुकडा.

मालवण हे आधी मच्छीमारांचं गाव आहे, पर्यटन नंतर आलं. रापण ओढणारे, होडीतून जाळी टाकणारे, गळ लावणारे यांची रोजीरोटी त्याच पाण्यावर चालते जिथे आपण मासे बघायला उतरतो. खडकाळ तळाला जाळं अडकलं की फाटतं. काही तुकडे वर येतात, काही तिथेच राहतात. पूर्वी जाळी सुताची असायची, ती कुजून जायची. नायलॉन कुजत नाही. सोडलेलं जाळं वर्षानुवर्षं मासे, कासवं, खेकडे पकडत राहतं. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेने आणि पर्यावरण कार्यक्रमाने २००९ साली काढलेल्या अहवालात असा अंदाज होता, की जगभरच्या समुद्रांत दरवर्षी सुमारे ६ लाख ४० हजार टन मासेमारीचं साहित्य हरवतं किंवा टाकून दिलं जातं. त्यातला एखादा वीतभर तुकडासुद्धा आपल्याला पुरतो.

तो दिसत का नाही, हेही समजून घ्या. तंगूस पाण्यात जवळजवळ पारदर्शक होतं. माशाला दिसू नये म्हणूनच ते तसं बनवतात. माशाला दिसत नाही ते तुम्हालाही दिसत नाही, त्यातून मास्कमुळे बाजूचं दिसणं आधीच कमी झालेलं असतं. थंडीत पाणी निवळतं तेव्हा ठीक, पण वारा सुटला आणि तळ ढवळला की हातभर अंतरावरचंही धूसर होतं.

अडकतं कसं ते बघा. तुम्ही खडकाच्या कडेने चाललाय. अचानक पुढे जाणं थांबतं. पाय मारताय, पण जागचे हलत नाही. मागे, मानेच्या खाली, टाकीच्या व्हॉल्व्हला एक धागा लागलेला असतो. माणूस साहजिकच मागे वळून बघतो. वळला की तो धागा रेग्युलेटरच्या नळीला एक वेढा घेतो. मग दुसऱ्या बाजूने वळून बघतो, दुसरा वेढा पडतो. पाय झाडले की फिनच्या बकलात जाळ्याचं एक घर अडकतं. मघाशी एक धागा होता, आता तीन ठिकाणी बांधला गेलाय, आणि तिन्ही ठिकाणी त्याने स्वतःला स्वतःच बांधलंय.

आता हवेचा हिशेब मांडा. समजा टाकी १२ लिटरची आहे आणि तीत ५० बार हवा उरलीय. म्हणजे ६०० लिटर. तुम्ही १० मीटर खोल आहात. दर १० मीटरला एका वातावरणाएवढा दाब वाढतो, म्हणून तिथे हवा जमिनीवरच्या दुपटीने लागते. शांतपणे श्वास घेणारा माणूस वर मिनिटाला २० लिटर हवा घेत असेल, तर खाली ४० लिटर घेईल. ६०० लिटर त्याला १५ मिनिटं पुरतील. तोच माणूस घाबरला, धापा टाकू लागला आणि वरच्या हिशेबाने मिनिटाला ६० लिटर घेऊ लागला, तर खाली १२० लागतील. मग १५ मिनिटांची ५ मिनिटं होतात. टाकी तीच, खोली तीच, फरक फक्त घाबरण्याचा. बाकीची दहा मिनिटं ती घबराट खाते.

हे नुसतं भीती घालायला सांगत नाही. ‘डायव्हर्स अलर्ट नेटवर्क’ या संस्थेच्या संशोधकांनी १९९२ ते २००३ या काळातल्या हौशी डायव्हरांच्या ९४७ मृत्यूंचा अभ्यास करून २००८ साली तो प्रसिद्ध केला. ज्या प्रकरणांत सगळं कशापासून बिघडलं हे ठरवता आलं, त्यांत सर्वांत वर होतं हवा कमी पडणं, ४१ टक्के. दुसऱ्या क्रमांकावर अडकून पडणं, २० टक्के. उपकरणातला बिघाड त्यानंतर, १५ टक्के. म्हणजे पाचात एक अडकल्यामुळे, आणि पाचात दोन हवेअभावी. कटर विकत घ्यायच्या आधी हवेचा काटा बघायची सवय लावा, हा त्यातला पहिला धडा. अडकल्यावर सुटायला वेळ लागतो आणि वेळ म्हणजे हवा. टाकीत हवाच नसेल तर जगातलं सर्वांत धारदार पातंही कामाचं नाही.

काय घ्यावं

डायव्हरच्या कामाची कापायची साधनं मुख्यतः तीन: लाइन कटर, कात्री आणि लहान चाकू.

लाइन कटर म्हणजे प्लास्टिकच्या किंवा धातूच्या चिमुकल्या मुठीत दडवलेलं पातं. त्याला एक खाच असते, धागा त्या खाचेत घालायचा आणि ओढायचा. आपल्या उसाच्या रानातला माणूस हे एका वाक्यात समजेल: कोयता घाव घालून तोडतो, विळा ओढून कापतो, आणि पाण्याखाली आपल्याला विळा लागतो. पाण्यात हात उगारून घाव घालता येत नाही, पाणी हाताचा जोरच खाऊन टाकतं. ओढून कापणं मात्र जमतं. पातं आत असल्यामुळे बोट कापायची, जॅकेट फाटायची किंवा हवेची नळी चिरायची भीती फार कमी. तंगूस आणि पातळ जाळं यासाठी याच्याइतकं सोपं काही नाही. उणीव एवढीच, की खाचेत मावेल तेवढंच कापतो. जाड दोरखंड त्याच्या तोंडात जात नाही. आणि पातं पातळ असल्याने खाऱ्या पाण्यात लवकर गंजतं. म्हणून पातं बदलता येईल असाच घ्या.

कात्री म्हणजे रुग्णवाहिकेत जखमीचे कपडे कापायला वापरतात ती, वाकड्या मानेची, बोथट टोकाची. वैद्यकीय साहित्याच्या दुकानात ती काहीशे रुपयांत मिळते. तंगूस, जाळं, बोटभर जाडीची दोरी, जॅकेटचा पट्टा, ओला वेटसूट, सगळं कापते. सैल लोंबणारा धागाही कापते, हा तिचा मोठा गुण. हिचा दोष गंज. जिथे दोन पाती जोडली जातात त्या रिव्हेटपाशी पाणी साचतं आणि महिनाभर पिशवीत पडली की कात्री उघडतच नाही. स्वस्त असल्यामुळे हंगामाला नवी घेतली तरी परवडते.

तिसरा चाकू. हवाच असेल तर लहान घ्या. ७ ते १० सेंटिमीटरचं पातं भरपूर झालं. टोक बोथट किंवा छिन्नीसारखं सपाट असावं. अणकुचीदार टोकाचा समुद्रात काही उपयोग नाही. हात थरथरत असताना ते आधी आपल्याच जॅकेटात घुसतं. पात्याची एक धार साधी आणि दुसरी दातेरी असावी. साध्या धारेने तंगूस कापतं, दातेरी धारेने जाड दोर. मूठ जाड, खरखरीत, ओल्या हातात न सटकणारी हवी. म्यान उलटं धरून जोरात झटका द्या. चाकू खाली पडला तर ते म्यान घेऊ नका. आणि एका हाताने, अंगठ्याने दाबून तो बाहेर आला पाहिजे.

पोलादाबद्दल दुकानदार बरंच सांगेल. लक्षात ठेवायचं थोडक्यात असं. ३०४ सारखं स्टेनलेस स्टील कमी गंजतं पण धार धरत नाही. ४२० किंवा ४४० धार धरतं पण गंजतं, म्हणून त्याची निगा जास्त. टायटॅनियम गंजतच नाही आणि हलकं असतं, पण महाग, आणि त्याची साधी धार लवकर जाते, म्हणून त्यात दातेरी पातं बघून घ्यावं. ज्याला सामान धुवायचा कंटाळा आहे त्याने टायटॅनियम घ्यावं. जो धुतो, पुसतो, त्याला साधं स्टील पुरतं.

माझं मत विचाराल तर: एक लाइन कटर आणि एक कात्री. दोन्ही मिळून एका मोठ्या सुऱ्याच्या निम्म्या किमतीत येतात आणि त्याच्या दुप्पट काम करतात. चाकू नसला तरी चालतो. दोन साधनं मात्र हवीतच, कारण एक हातातून सुटू शकतं, एक गंजलेलं निघू शकतं, आणि एक नेमकं जाळ्याखाली दबलेलं असू शकतं.

एक गोष्ट यातलं कुठलंच नीट कापत नाही, ती म्हणजे मोठ्या माशांच्या गळाला लावलेली पोलादी तार. जिथे तसे गळ पडतात अशा ठिकाणी नेहमी उतरणाऱ्यांनी छोटी पक्कड जवळ ठेवावी. बाकीच्यांना तिची गरज नाही.

घरी परीक्षा घ्या

विकत घेतलेलं साधन थेट समुद्रात नेऊ नका. हार्डवेअरच्या दुकानातून दोन जाडीचं तंगूस, बोटभर जाडीची नायलॉनची दोरी आणि प्लास्टिकची सुतळी आणा. वारणेकाठी मासे धरणाऱ्यांकडे फाटक्या जाळ्याचा तुकडा सहज मिळेल. बादलीभर पाणी घ्या. मनगटभर जाड काठीला जाळं गुंडाळा, काठी बादलीत बुडवा आणि कापून बघा.

दोन गोष्टी लगेच कळतील. ताणलेलं तंगूस कुठल्याही धारेने पटकन तुटतं. सैल तंगुसावर चाकू नुसता घसरतो, धागा पात्याबरोबर मागे मागे सरकत जातो. म्हणजे एका हाताने धागा ताणून धरायचा आणि दुसऱ्याने कापायचा, हे अंगवळणी पडायला हवं. दुसरं, ज्या चाकूवर ‘रेझर शार्प’ लिहिलंय तो बोटभर दोरीवर आठ-दहा वेळा करवतीसारखा फिरवावा लागतो, आणि साधी कात्री तीच दोरी दोन-तीन चाव्यांत तोडते.

हेच मग डाव्या हाताने करा. मग डोळे मिटून करा. ज्यांना पाण्यात हातमोजे लागतात त्यांनी हातमोजे घालून करा. साधन काढणं, कापणं आणि परत जागेवर ठेवणं, ही तिन्ही कामं न बघता जमली पाहिजेत. परत ठेवणं बहुतेक जण विसरतात. कापून झाल्यावर उघडं पातं हातात घेऊन पोहणारा माणूस बडीला, म्हणजे डाइव्हमधल्या जोडीदाराला, नको असतो.

कुठे लावावं

मानेपासून कमरेपर्यंत, दोन्ही खांद्यांच्या मध्ये. दोन्ही हात जिथे सहज पोचतात ती हीच जागा. लाइन कटर जॅकेटच्या डाव्या खांद्याच्या पट्ट्यावर, कात्री उजव्या बाजूला कमरेच्या पट्ट्यावर किंवा खिशात. दोन साधनं दोन बाजूंना, म्हणजे एक हात अडकला तरी दुसऱ्या हाताला काहीतरी लागेल. निवड करताना प्रश्न एकच ठेवा: फक्त डावा हात मोकळा असेल तर हे निघेल का? फक्त उजवा असेल तर?

पोटरीची जागा का नको, ते यातूनच कळतं. फिन जाळ्यात अडकला असेल तर पाय जवळ घेता येत नाही. पाठ वाकवून पोटरीपर्यंत हात न्यायचा म्हणजे पाठीवरची टाकी डोक्याकडे सरकते आणि मागचं जाळं आणखी ताणतं. शिवाय बाहेरच्या बाजूला बांधलेला सुरा स्वतःच धागे गोळा करतो. कुणाला बांधायचाच असेल तर निदान आतल्या बाजूला बांधा आणि छातीवर दुसरं साधन ठेवाच.

वजनाच्या पट्ट्याला काही लावू नका. तो पट्टा अडचणीत सोडून द्यायचा असतो, त्याबरोबर कटरही तळाला जाईल. साधनाला छोटी लवचीक दोरी बांधून ती जॅकेटला अडकवा, म्हणजे हातातून सुटलं तरी जवळच राहील. ती दोरी मात्र लांब नको, नाहीतर सुटकेच्या साधनातच अडकायची वेळ येईल.

आणि कापायची वेळच येऊ नये म्हणून: फिनच्या पट्ट्यांची लोंबती टोकं आतल्या बाजूला घाला. हवेचा काटा आणि जादा रेग्युलेटर अंगाशी क्लिपने लावा. मागे काय लोंबतंय ते बोटीवरच बडीला बघायला सांगा, आणि त्याचं तुम्ही बघा. निघताना एकमेकांचे कटर कुठे आहेत तेही बोट ठेवून दाखवा. अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

अडकलात तर

थांबा. पाय मारणं बंद करा. श्वास लांब सोडा, मग लांब घ्या. हवेचा काटा बघा. बडीला हात करून, प्रकाश टाकून किंवा टाकीवर काहीतरी वाजवून बोलवा. वळू नका. ज्या दिशेने आलात त्याच दिशेला, मागे, हळूच हातभर सरका. बरेच वेळा ताण गेला की धागा आपोआप सुटतो आणि कटर काढावाच लागत नाही.

नाही सुटला तर बडीला कापू द्या. तुमच्या पाठीमागचं त्याला दिसतं, तुम्हाला नाही. कापणाऱ्याने धागा एका हाताने ताणून हवेच्या नळीपासून लांब ओढायचा आणि पात्याची दिशा अंगापासून बाहेर ठेवायची. एक धागा कापला की थांबून बघायचं, मग दुसरा. रेग्युलेटर तोंडातून काढायचा नाही. जॅकेट पाण्यात काढून, मागचं सोडवून परत घालणं कोर्समध्ये शिकवतात. ते वर्षातून एकदा तरी उथळ, स्वच्छ पाण्यात शिक्षकाबरोबर करून बघा.

मच्छीमाराचं जाळं आणि प्रवाळ

हातात कटर आला म्हणून दिसेल ते जाळं कापायचा परवाना मिळत नाही. बोया लागलेलं, नीट उभं असलेलं जाळं कुणाच्या तरी घरची चूल पेटवतं. त्यापासून लांब राहा. अडकलातच तर सुटण्यापुरतं कापा आणि वर आल्यावर बोटवाल्यामार्फत त्या मच्छीमाराला सांगा, नुकसान भरून द्या. मालवणात पर्यटन आणि मासेमारी एकाच पाण्यात नांदायची असेल तर एवढी रीत पाळायलाच हवी. सुटलेलं जुनं जाळं तळाला दिसलं तर जागा लक्षात ठेवून संस्थेला कळवा. ते काढणं शिकलेल्या गटाचं काम आहे. एकट्याने जाळं उचलायला गेलेला माणूस त्याच जाळ्यात सापडू शकतो.

मालवणचा सागरी अभयारण्याचा भाग १९८७ पासून संरक्षित आहे आणि प्रवाळाला १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. चाकूने प्रवाळ खरवडणं, शिंपला उचकटणं, खडकावर नाव कोरणं हा गुन्हा आहे. मेक्सिकोतल्या कोझुमेलच्या सागरी उद्यानात याच कारणाने डायव्हरांना चाकू न्यायलाच बंदी आहे. आपल्याकडे तशी वेळ आणू नका.

प्रवासातही सांभाळा. विमानाने अंदमानला जात असाल तर कात्री, कटर, चाकू सगळं चेक-इन सामानात, हातातल्या पिशवीत काहीही नाही. शस्त्र नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याच्या सुऱ्यांचा विषय येतो. तुमच्या कामाचं पातं तीन-चार इंचांचं असतं. तरीही ते स्कूबाच्या सामानातच ठेवा. कोल्हापूरच्या स्टँडवर कमरेला चाकू लावून फिरणाऱ्याला पोलिसांनी हटकलं, तर ‘मी डायव्हर आहे’ हे सांगत बसावं लागेल.

परत आल्यावर गोड्या पाण्यात अर्धा तास भिजवा, म्यानातून काढून वेगळं वाळवा, सांध्याला सिलिकॉन ग्रीसचं बोट फिरवा. पुढच्या डाइव्हच्या आदल्या रात्री तंगुसाच्या तुकड्यावर एकदा चालवून बघा. कापलं तरच पिशवीत टाका.

नदीकाठच्या मंडळांना

हे सगळं समुद्राचं झालं. पण आपलं रोजचं पाणी वारणेचं आहे. २०१९ आणि २०२१ चे महापूर आपण बघितलेत. गावोगावची पोरं दोर घेऊन, रबरी बोटी घेऊन पाण्यात उतरली, माणसं आणि जनावरं काढली. गणपती विसर्जनाला तर दरवर्षी उतरतात. या पोरांजवळ दोर असतो, लाइफ जॅकेट कधी असतं, कधी नसतं, आणि कापायचं साधन जवळजवळ नसतंच.

वाहत्या पाण्यात दोर वापरायचा तर तो तोडायचं साधन अंगावर हवंच, हा पूरबचावातला जुना नियम आहे. प्रवाह माणसाला दोराच्या टोकाला खेचून धरतो आणि त्या ताणाखाली गाठ हाताने सुटत नाही. त्यातून पुराच्या पाण्याखाली काय नसतं? उसाच्या रानातलं ठिबकचं जाळं, कुंपणाची तार, उपशाच्या मोटारींचे दोर, मच्छीमारांची वाहून आलेली जाळी. इथेही साधन बोथट टोकाचंच हवं, कारण अणकुचीदार चाकूने सोबत्याला जखम होण्याआधी रबरी बोट फुटते. बोथट कात्री लाइफ जॅकेटच्या छातीवरच्या पट्ट्याला, दोरीने बांधून. गणवेशासारखी, प्रत्येकाच्या एकाच जागी.

यात एक सक्त ताकीद: पाण्यातली विजेची तार, केबल किंवा मोटारीची वायर कुठल्याही साधनाने कापू नका. लाइन बंद झाल्याची खात्री वीज कंपनीकडून करून घेतल्याशिवाय तिच्या जवळही जायचं नाही. आणि बंधाऱ्याच्या खालच्या भोवऱ्यात किंवा गढूळ डोहात बुडालेल्याला शोधायला स्कूबाची टाकी लावून उतरू नका. हौशी प्रमाणपत्र त्या कामाचं नसतं. तिथे प्रशिक्षित पथकालाच बोलवायचं.

तात्यासाहेब कोरे यांनी इथे सहकाराने साखर कारखाना उभा केला, आणि एकट्याला न परवडणारी गोष्ट दहा जणांनी मिळून घ्यायची, ही रीत या भागाला शिकवली. तीच रीत इथे चालवा. प्रत्येक तरुण मंडळाने यंदाच्या वर्गणीतून दहा बोथट कात्र्या, दहा लाइन कटर आणि फाटक्या जाळ्याचा एक तुकडा घ्यावा. पावसाळ्याआधी एका रविवारी सगळ्यांनी बादलीतली परीक्षा द्यावी, डाव्या हाताने आणि डोळे मिटून. सगळा खर्च मिरवणुकीतल्या एका रात्रीच्या डीजेच्या भाड्याहून कमी येईल. ज्यांना समुद्रात जायचंय त्यांनी मोठा सुरा घ्यायचा विचार सोडावा आणि त्याच पैशात दोन छोटी साधनं छातीवर लावावीत. ज्यांना नदीत उतरायचंय त्यांनी कात्रीशिवाय दोराला हात लावू नये.